अंगठा की बोट

मंगळवार, ११ सप्टेंबर

सात नंबरच्या खोलीत आज पुन्हा बादली मांडली. आमचं गेस्ट हाउस चालू होतं तेव्हा ही खोली सगळ्यात आधी जायची. खिडकीतून अख्खा उपसागर दिसतो. ओहोटी लागली की दूरवर नुसती ओली वाळू, आणि आकाश तिच्यात उतरलेलं. आता त्या खोलीत फक्त थेंब मुक्कामाला येतात. म्यूरिएल असती तर म्हणाली असती, "सिरिल, निदान हे पाहुणे न्याहारी तरी मागत नाहीत."

छप्पर बघायला आलेला माणूस मान हलवतच शिडीवरून उतरला. आकडा सांगताना त्याने माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघितलं. आकडा भयंकर होता, पण ती नजर वळवणं मला आवडलं. पैशाचं बोलताना आमच्याकडे चांगल्या घरची माणसं असंच करतात.

संध्याकाळी लॉर्नाचा फोन. तिचं तेच पालुपद. "बाबा, विका आता ते घर. एवढे जिने, एवढ्या खोल्या आणि तुम्ही एकटे. इथे कार्लाइलला माझ्याजवळ छोटा फ्लॅट बघू."

"बघू," मी म्हटलं.

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू."

एकुलती एक मुलगी. पण अलीकडे तिने घराचं नाव काढलं की मी हवामानाचं काढतो. मागच्या वेळी आली होती तेव्हा खोल्याखोल्यांतून हिंडून फोटो काढत होती. विचारलं तर म्हणाली, "ओल कुठे कुठे आलीय ते बघतेय." ओल बघायला पडद्यांचे फोटो कशाला लागतात? गिऱ्हाइकाला दाखवायला लागतात.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

ग्रंथालयातल्या फलकावर एका कर्ज-सल्लागार बाईंचं नाव होतं. म्हाताऱ्यांना घरावर कर्ज मिळण्याची एक सोय असते. हप्ता भरायचा नाही, व्याज साचत राहतं आणि माणूस गेला की घर विकून सगळं वसूल. मी गेल्यावर घराचं काय होतंय ते बघायला मी काही येणार नाही. मला फक्त याच खिडकीतून बघत जायचंय. म्हणून बाईंना बोलावलं.

एल्सपेथ गिलख्रिस्ट त्यांचं नाव. स्कॉटलंडच्या. उंच, करड्या केसांच्या. म्यूरिएलची निळी किटली काढली होती, बशीत आल्याची बिस्किटं मांडली होती. बाईंनी कोट काढायच्या आधीच सुरुवात केली.

"मिस्टर थ्रेलफॉल, चहा नंतर. आधी मला पैसे कोण देतं ते सांगते."

किटली माझ्या हातात तशीच राहिली.

"माझी फी तुमच्याकडून. तुम्ही कर्ज घ्या नाहीतर घेऊ नका, फी तेवढीच. कर्ज घेतलंत तर कर्ज देणारी कंपनीही मला कमिशन देते. मोठं कर्ज, मोठं कमिशन. तेव्हा मी तुम्हाला मोठ्या कर्जाकडे ढकलतेय असं वाटलं तर तिथल्या तिथे मला थांबवायचं."

"बाई, मी हे काही विचारलंच नव्हतं."

"म्हणूनच सांगतेय."

मग प्रश्नांची सरबत्ती. जिना चढताना गुडघे दुखतात का? पेन्शनमध्ये भागतं का? सरकारकडून मिळणारी मदत कधी मागितली होती का? (आम्ही थ्रेलफॉल मागत नाही, मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.) "आणि मुलीला का नाही बसवलंत आज इथे?"

मला मुलगी आहे हे या बाईला कुणी सांगितलं? खरं तर शेकोटीवरच्या फळीवर लॉर्नाचा फोटो आहे. तरी पण.

"वकील तुमचा तुम्ही शोधा, मी सुचवलेला घेऊ नका," बाई पुढे बोलत होत्या. "आणि आता महत्त्वाचं. उद्या तुम्हाला हे घर सोडावंसं वाटलं आणि कर्ज मुदतीआधी फेडायची वेळ आली, तर..."

घर सोडावंसं! लॉर्नाचेच शब्द. मी उठून उभा राहिलो. जरा गरगरतंय म्हटलं. गरगरत काही नव्हतं, पण पाहुण्याला जा म्हणायची दुसरी सभ्य पद्धत मला ठाऊक नाही. "माझं सांगून पुरं झालेलं नाही," असं म्हणत बाईंनी कार्ड ठेवलं आणि गेल्या. बिस्किटाला हात लावला नाही. आल्याचं बिस्किट नाकारणारं माणूस उभ्या आयुष्यात मी पाहिलं नव्हतं.

घरात शिरल्या शिरल्या मी तुमच्याकडून एवढं घेणार आणि त्यांच्याकडून तेवढं घेणार, असं जी सांगते ती काहीतरी याहून मोठं लपवत असणार. हातचलाखीवाले आधी रिकामा तळवा दाखवतात तसं.

रविवार, १६ सप्टेंबर

दिवसभर धुकं. पलीकडचा किनारा पुसलेला. अशा दिवशी मिस पोमफ्रेट आठवतात. पत्र्याच्या छपराचा वर्ग, कोळशाची शेगडी, ओल्या लोकरीचा वास, आणि आम्ही चाळीसजण एका सुरात ती गलबताची कविता म्हणायचो. पुस्तकात कवीचं नावही नव्हतं.

*किनारा आहे जागा, ये रे गलबता,*
*दिव्याला माझ्या नाही नीज आता;*
*वाळू खाली सरते, पाणी मुकाट चढते,*
*विचारल्यावाचून निघे त्याची नाव बुडते;*
*वारा पडेल, लाट थकेल, फुटेल पहाट,*
*चुलीवरती आधण ठेवून पाहतो तुझी वाट.*

मधल्या दोन ओळी आल्या की सगळा वर्ग पाय आपटायचा. मिस पोमफ्रेटनी मुद्दाम शिकवलं होतं. इथे भरती कशी चोरपावलांनी येते आणि वाळू कशी गिळते ते इथल्या पोरांना पायांतून कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वर्गाची जमीन लाकडी होती. बाजूच्या वर्गातले गुरुजी भिंतीवर ठोकायचे.

लग्नानंतर म्यूरिएलने ही कविता निळ्या दोऱ्याने भरली आणि चौकट करून न्याहारीच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगली. पण मधल्या दोन ओळी तिने गाळल्या. "बुडण्याचं वाचत वाचत अंडी कोण खाईल, सिरिल? पाहुणे पळून जातील." मी दोन दिवस रुसलो होतो. पाहुणे चार ओळी वाचायचे, वा म्हणायचे आणि टोस्टला लोणी लावायचे.

गुरुवार, २० सप्टेंबर

हवा उघडली. बोल्सच्या, म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीवर लँकेस्टरच्या लोकांशी सामना. म्यूरिएल गेल्यापासून या हिरवळीनेच मला धरून ठेवलंय. हिरवळ मधे फुगलेली, आणि चेंडू आमच्यासारखेच, कधी सरळ न जाणारे. पोटात एका बाजूला वजन असतं, ते ओढेल तिकडे वळतात.

आज भांडण झालं. लँकेस्टरच्या एका गड्याने जॅक, म्हणजे पहिला छोटा चेंडू, न सांगताच सोडला. आमच्याकडे तो सोडण्याआधी समोरच्याला सांगायचं असतं: अंगठा की बोट. म्हणजे वजन अंगठ्याच्या बाजूला धरलंय की बोटाच्या, चेंडू कुणीकडे झुकणार. ते कळलं की समोरचा आपला चेंडू त्या अंदाजाने टाकू शकतो. विल्फ तर पेटलाच.

"अंगठा की बोट? आधी सांग, मग टाक!"

"विसरलो हो."

"विसरलो? अरे, टोपी घालायला बरा विसरला नाहीस! वजन लपवून खेळायचं तर घरी जाऊन गालिच्यावर खेळ!"

विल्फ हा असा. बेकरीत जन्म गेला त्याचा, पण नियमाला न्यायाधीशापेक्षा कडक. माझा चाळीस वर्षांचा मित्र. बूट नवे कोरे घालून आला होता. मागच्या मोसमात तर टाचेला चिकटपट्टी होती. निवृत्तीत त्याचं बरं चाललेलं दिसतंय. बरं वाटलं.

चहाच्या वेळी त्याला स्कॉटिश बाईचा किस्सा सांगितला.

"फी मागते? दारातच?" विल्फने डोळे मोठे केले. "सोड लेका तिला. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, डॉमिनिक हेडॉक. तुझ्याकडून एक पेनी घेणार नाही. मी पाठवतो त्याला. तू काहीच करायचं नाहीस."

जगात एक तरी सरळ माणूस उरलाय म्हणायचा.

बुधवार, २६ सप्टेंबर

डॉमिनिक हेडॉक आला. चाळिशीचा, हसरा, दारातच पाय पुसणारा. "तुम्हाला सिरिल म्हटलं तर चालेल ना?" म्हणाला. चालेल म्हटलं. चहा प्यायला, बिस्किटं खाल्ली, आणखी मागून घेतली. म्यूरिएलच्या किटलीला "ही आता मिळत नाही हो कुठे" म्हणाला. किती दिवसांनी या टेबलावर कुणी नीट जेवल्यासारखं खाल्लं!

पैशाचं त्याने असं काढलं की कळलंही नाही. कप खाली ठेवला, समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "माझ्या फीची चिंता नको. तुमच्याकडून मी एक पेनी घेणार नाही." मग याचं घर कसं चालतं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या तोंडात बिस्किट होतं, आणि असलं काही कुणाला विचारणं म्हणजे बनियन दाखवा म्हणण्यासारखं. मी त्याला आणखी चहा ओतला.

मी फक्त छपरापुरतं कर्ज म्हटलं तर तो दुखावल्यासारखा दिसला. "छपरापुरतं? सिरिल, सात खोल्यांचं घर आणि स्वप्न छपराएवढंच? मागे काचेची खोली काढा. तिथे आरामखुर्ची, मांडीवर कवितांचं पुस्तक. नॉर्वेला जाऊन आकाशातला ध्रुवप्रकाश बघून या. घराने आयुष्यभर तुमच्याकडून घेतलं, आता त्याला देऊ द्या." आणि त्याने जो आकडा सांगितला तो छपराच्या कितीतरी पट.

त्या बाईने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, याने स्वप्नांची. माणसामाणसांत फरक असतो.

"मुलीला आत्ताच सांगू नका," जाता जाता म्हणाला. "एकदम काचेची खोलीच दाखवा. चेहरा बघण्यासारखा होईल." मग बराच वेळ टेबलाजवळ उभा राहिला आणि मोबाइलवर फोटो काढला. दृश्याचा, म्हणाला. भिंतीकडे तोंड करून काढलेला दिसला, पण चौकटीच्या काचेत दृश्याचं प्रतिबिंब पडत असेल.

रविवार, ३० सप्टेंबर

जिभेने दगा दिला. बोलता बोलता लॉर्नासमोर डॉमिनिकचं नाव आलं.

"कोण डॉमिनिक? बाबा, घरावर कर्ज काढताय तुम्ही?"

"नुसतं बोलणं चाललंय. आणि तो एक पेनी घेत नाही माझ्याकडून."

"मग कुणाकडून घेतो?"

"लॉर्ना, तुझ्या पिढीला दुसरं काही सुचतं का गं? प्रत्येक माणूस खिशासाठीच हसतो असं वाटतं तुम्हाला."

"मी फक्त विचारलं, बाबा."

"मग मीही विचारतो. फोटो कुणाला दाखवलेस?"

"कुठले फोटो?"

"पडद्यांचे."

  "कुणाला नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज विचित्र झाला. चोरी पकडली गेली की आवाज असाच होतो. फोन ठेवल्यावर मी पडद्यांजवळ जाऊन उभा राहिलो. म्यूरिएलने शिवलेले. यांना हात लावू देणार नाही कुणाला.

शनिवार, ६ ऑक्टोबर

आजचा दिवस विसरणार नाही.

डॉमिनिक कागद घेऊन आला होता. वकिलाचं काम त्यांचाच एक माणूस फोनवर उरकेल, मला कुठे जायला नको. सह्या अठरा तारखेला. साक्षीदार घरचा चालत नाही, म्हणून विल्फला सोबत आणतो म्हणाला. किती विचार करतो हा माणूस.

मी भीत भीत विचारलं, "समजा, पुढेमागे लॉर्नाकडे राहायला जायची वेळ आली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू, सिरिल!" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग चौकटीकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर बघत, सावकाश म्हणायला लागला:

*किनारा आहे जागा, ये रे गलबता,*
*दिव्याला माझ्या नाही नीज आता;*
*वारा पडेल, लाट थकेल, फुटेल पहाट,*
*चुलीवरती आधण ठेवून पाहतो तुझी वाट.*

"आम्हालाही होती शाळेत," तो म्हणाला. "तेच पुस्तक. रोज म्हणायचो."

माझे डोळे भरून आले. साठ-पासष्ट वर्षांत मिस पोमफ्रेटच्या वर्गाबाहेर ही कविता तोंडपाठ असलेला माणूस भेटला नव्हता.  त्याचाही गळा दाटला असावा, कारण लगेच त्याने कागद पुढे सरकवले.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

दुपारी कपबश्या पुसत होतो. मनात डॉमिनिकचा आवाज घोळत होता, म्हणून मीही म्हणायला लागलो. *नाही नीज आता*पर्यंत आलो आणि माझा पाय आपोआप जमिनीवर आपटला.

हातातला कप तसाच धरून मी उभा राहिलो.

त्याने पाय आपटला नव्हता. आपटणार कसा? त्या ओळीच त्याने म्हटल्या नव्हत्या.

आधी मीच त्याची बाजू घेतली. त्यांच्या पुस्तकात नसतील. पण तेच पुस्तक, म्हणाला होता. विसरला असेल. पण ती कविता शिकलेलं पोर एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, त्या दोन ओळी विसरणार नाही. अख्खा वर्ग त्या दोन ओळींसाठी तर ती कविता म्हणायचा. बाकीच्या चार ओळींत आम्ही नुसती त्यांची वाट बघत असायचो.

त्या दोन ओळींशिवायची कविता जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या न्याहारीच्या टेबलामागच्या भिंतीवर. आणि काचेत पडलेल्या दृश्याचा फोटो असा टेबलाजवळून कुणी काढत नाही.

महिनाभर मी सगळ्यांवर संशय घेतोय. पोटच्या मुलीवर. त्या स्कॉटिश बाईवर. परवा तर पोस्टमन पाकिटावरचं नाव जरा जास्त वेळ वाचत होता म्हणून त्याच्यावरही. आणि जो एकटा यादीत नव्हता तो माझी बिस्किटं खाऊन गेला.

आता दुसरंच काही टोचायला लागलंय. भिंतीवर नव्हतं ते त्याला म्हणता आलं नाही, ते ठीक. पण जे त्याला नीट ठाऊक आहे, त्यातलं त्याने काय काय गाळलं? म्यूरिएलने बुडण्याचं गाळलं ते पाहुण्यांना अंडी गोड लागावीत म्हणून. याने कशासाठी गाळलं? तुमच्याकडून एक पेनी घेत नाही. *तुमच्याकडून.* लॉर्ना लगेच म्हणाली होती, मग कुणाकडून?

विचारायला हवं. पण विचारायचं कसं? पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला, माझ्याच टेबलावर, तुम्हाला किती मिळतात म्हणून? वडिलांनी ऐकलं असतं तर थडग्यातून उठून माझ्या कानशिलात दिली असती.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

दोघं आले. विल्फ नव्या बुटांत. डॉमिनिकने पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. चहा ओतला. 

"सही करण्याआधी," मी म्हटलं, "ती कविता एकदा म्हणाल? पूर्ण?"

"आता? सिरिल, तुम्ही पण ना!" हसला तो. "*किनारा आहे जागा, ये रे गलबता...*"

"*नाही नीज आता,*" मी म्हटलं. "त्याच्या पुढे काय?"

त्याची नजर भिंतीवर गेली. पटकन गेली आणि परत आली, पण गेली. विल्फनेही पाहिलं.

"*वारा पडेल,*" डॉमिनिक म्हणाला.

"त्याच्या आधी दोन ओळी आहेत."

"असतील हो. लहानपणचं कुणाच्या लक्षात राहतं?" त्याने पेन माझ्याकडे आणखी थोडं सरकवलं.

आता विचार, मी स्वतःला म्हणालो. किती मिळतात, एवढं तर विचारायचं.  जन्मभर जो प्रश्न कुणाला केला नाही तो असा आयत्या वेळी जिभेवर येत नाही. आला तो दुसराच, जो मी हजारदा केलाय.

"अंगठा की बोट?"

डॉमिनिक माझ्याकडे बघत राहिला. "खेळाचं नंतर, सिरिल. आधी सही."

पण विल्फचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. त्याने कप खाली ठेवला. 

"विल्फ," मी म्हटलं, "तू तरी सांग. अंगठा की बोट?"

"अंगठा," विल्फ म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. "सगळं वजन त्यांच्या बाजूला आहे. कंपनी देते याला, कर्ज मोठं तेवढं जास्त. तेही सगळ्या कंपन्या बघून नाही, एकच आहे यांची. आणि मी आणलेल्या प्रत्येकामागे हा मला देतो. माझं सांगायचं राहिलं, सिरिल."

"राहिलं?"

"नाही सांगितलं."

"विल्फ, काय चाललंय हे?" डॉमिनिक अजून हसतच होता, पण आता ते हसू नुसतं तोंडावर ठेवलेलं होतं. "सिरिल, यात लपवण्यासारखं काय आहे? सगळे घेतात. तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"आणि लवकर फेडलं तर काय, ते? ते तर मी विचारलं होतं."

त्याला त्याचं उत्तर होतं. दंड असतो, म्हणाला. मोठा? तसा मोठाच. मी लॉर्नाकडे गेलो असतो तर व्याज, दंड आणि काचेची खोली मिळून घरातलं माझं म्हणून फारसं काही उरलं नसतं. जायचं म्हटलं तरी जाता आलं नसतं. या घरात राहता यावं म्हणून मी ज्यावर सही करणार होतो, त्याने मला या घरात कोंडलं असतं.

मी उठलो. या वेळी गरगरतंय म्हटलं नाही. "मिस्टर हेडॉक, तुम्ही आता निघा," म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला असं तोंडावर सांगितलं. त्याने कागद गोळा केले. दारात पाय पुसले नाहीत. बाहेर जातानाही पुसायचे नसतातच, पण मला ते जाणवलं.

विल्फ तसाच बसून राहिला. मी त्याला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. थोड्या वेळाने तोच उठला.

शनिवार, २० ऑक्टोबर

मोसमाचा शेवटचा खेळ. जाऊ नये असं ठरवून गेलो. विल्फ माझ्याविरुद्ध उभा होता. पायात जुने बूट, टाचेला चिकटपट्टी. जॅक हातात घेतला आणि पलीकडच्या बाकावरच्या बायकाही वळून बघतील एवढ्या मोठ्याने ओरडला, "बोट!"

"ऐकू येतं मला," मी म्हटलं. "बहिरा नाही झालो अजून."

"झालायस थोडा."

मी हरलो. चहा त्याच्याबरोबर नाही घेतला. पुढच्या मोसमात बघू.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

मिसेस गिलख्रिस्टना फोन करायला आठवडा गेला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "अपुरं राहिलंय ते पुरं करायला येते." लॉर्नालाही बोलावलं होतं. ती सकाळच्या गाडीने आली, जिना चढून सात नंबरमधली बादली रिकामी केली आणि मगच कोट काढला.

तिने मोबाइल टेबलावर ठेवला तेव्हा पडद्यावर पडदे दिसले. आमचेच. दिवाणखान्यातले, पिवळ्या फुलांचे.

"हे काय?" मी विचारलं.

"आईने शिवलेत ना," ती म्हणाली. "घर गेलंच तर म्हणून ठेवलेत. मी विका विका म्हणते, बाबा. पण परत जाताना गाडीत बसून रडते." आणि खिडकीबाहेर बघायला लागली, थेट माझ्यासारखी.

बाई आल्या. मीच दारात म्हटलं, "चहा नंतर. आधी तुमचं."

त्या पहिल्यांदाच थोड्या हसल्या. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. फी, कमिशन, दंड, सगळं. किती कंपन्यांची कर्जं त्या बघतात आणि कोणत्या बघत नाहीत, तेसुद्धा. आम्ही कुणी काही विचारायच्या आत सांगत होत्या. लॉर्ना मधेच म्हणाली, "बाई, एवढं कुणी सांगत नाही हो." "माहीत आहे," बाई म्हणाल्या.

सल्ला असा: आत्ता कर्ज काढू नका. म्हाताऱ्यांसाठी सरकारची जी मदत असते ती माझ्या हक्काची आहे, मी मागितलीच नाही म्हणून मिळाली नाही. ती मागा. छपराचा फक्त समुद्राकडचा भाग या हिवाळ्यापुरता दुरुस्त करा. वसंतात पुन्हा बसू, तोवर गुडघ्यांचंही कळेल. तेव्हाही राहायचंच ठरलं तर छोटं कर्ज, छपरापुरतं, लॉर्नाच्या समोर.

"म्हणजे आत्ता कंपनी तुम्हाला काही देणार नाही," मी म्हटलं. प्रश्न इतक्या सहज तोंडातून गेला की माझं मलाच नवल वाटलं. "तुमचा तोटाच की."

"माझी फी आहे ना. दारात सांगितली होती ती."

"आणखी काही सांगायचं राहिलं?"

त्यांनी वही मिटली, क्षणभर विचार केला. "नाही. झालं सगळं."

मग खुर्ची पुढे ओढून बशीकडे हात नेला. सांगायचं ते सांगून झाल्याशिवाय कुणाच्या घरचं काही खात नाही म्हणाल्या, पहिल्यापासूनची सवय. मी म्यूरिएलची किटली उचलली. बाईंनी आल्याचं बिस्किट मोडलं, खाल्लं आणि माझ्याकडे बघितलं.

"मऊ पडलंय हे, मिस्टर थ्रेलफॉल."

पडलं होतंच.